कुंपणानें शेत खाल्लें, तर फिर्याद कोणीं लिहावी?

गांवांत कोणाची शेळी चोरीस गेली, तर संशयिताचें नांव दुपारपर्यंत पोलीस ठाण्याच्या वहींत चढतें. त्याला उचलण्यास, कोठडींत घालण्यास, त्याच्या घराची झडती घेण्यास सरकारची वेगळी मंजुरी लागत नाहीं. परंतु त्याच ठाण्याच्या कोठडींत माणूस मेला आणि त्याच्या पाठीवर वळ दिसले, तर त्या मरणाची नोंद अकस्मात मृत्यू म्हणून होते. आणि मारणारा कोण, एवढें विचारण्यासाठीं मृताच्या आईला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. देश एक, राज्यघटना एक, दंडाचा कायदा एक. मग शेळी चोरणाऱ्यास एक दार आणि वर्दीवाल्यास दुसरें दार, हा भेद कां? याचा विचार बहुजनसमाजानें डोकें शांत ठेवून केला पाहिजे, म्हणून हा लेख.

न्यायाच्या वाड्याला दोन दारें असतात. आंतलें दार म्हणजे खटल्याचा निकाल. तेथें न्यायाधीश बसतो, साक्षी होतात, वकील भांडतात, आणि जें होतें तें चारचौघांच्या देखत होतें. बाहेरचें दार म्हणजे खटला भरावा कीं भरूं नये हा निर्णय. लोकांचें लक्ष आंतल्या दाराकडे असतें. अमुक सुटला, तमक्यास जन्मठेप झाली, याची चर्चा पारावर चालते. परंतु पोलिसावर आरोप आला म्हणजे घोटाळा होतो तो बहुधा बाहेरच्या दारांतच. तेथें द्वारपाल कोण बसला आहे, तो कोणाचा नातलग आहे, त्याला कोण पगार देतो, यावर सगळें अवलंबून असतें. आरोपीच्याच घरचा माणूस दारावर बसविला, तर आंत कितीही निःपक्षपाती न्यायाधीश असला तरी त्याचा उपयोग काय? त्याच्यापुढें प्रकरण जातच नाहीं.

परभणीचें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. १० डिसेंबर २०२४ रोजीं तेथील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीं बंद पुकारला गेला, त्याला हिंसक वळण लागलें आणि पोलिसांनीं धरपकड केली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा ३५ वर्षांचा, कायद्याचें शिक्षण घेणारा वडार समाजांतील तरुण होता. त्याला आधीं पोलीस कोठडी मिळाली, मग न्यायालयीन कोठडींत धाडण्यांत आलें, आणि १५ डिसेंबरला तो मेला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनीं मरणाचें कारण लिहिलें तें अनेक जखमांमुळें बसलेल्या धक्क्याचें. तरी विधानसभेंत सरकारनें मारहाण झाल्याचें नाकारलें आणि श्वासाच्या आजाराचा हवाला दिला. पुढें कायद्याप्रमाणें मॅजिस्ट्रेटची चौकशी झाली, आणि तिनें पोलिसांकडेच बोट दाखविलें.

एवढें झाल्यावर गुन्हा नोंदला जावा कीं नाहीं? शेळीच्या चोरीस जो न्याय, तो येथें लागू व्हावा कीं नाहीं? तो लागू झाला नाहीं. मृताची आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठांत गेली. ४ जुलै २०२५ रोजीं खंडपीठानें आठवड्याच्या आंत गुन्हा नोंदविण्याचा हुकूम दिला. त्या हुकुमाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि ३० जुलै रोजीं तेथें त्याचा अर्ज फेटाळला गेला. वाचकांनीं हिशेब करावा. मरणापासून खंडपीठाच्या हुकुमापर्यंत साडेसहा महिने लोटले. आणि ते दोषी कोण हें ठरविण्यांत गेले नाहींत, नुसती फिर्याद लिहून घेण्यांत गेले! बाहेरच्या दाराची कडी एवढी जड आहे.

कायदा याविषयीं मुका आहे असें नाहीं. कोठडींत माणूस मेला, नाहींसा झाला किंवा स्त्रीवर बलात्कार झाल्याचा आरोप झाला, तर पोलिसांच्या तपासाखेरीज न्यायखात्याच्या मॅजिस्ट्रेटनें स्वतंत्र चौकशी केलीच पाहिजे, ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीनें फौजदारी प्रक्रिया संहितेंत आली व २००६ पासून अमलांत आली. १ जुलै २०२४ पासून तीच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्यें आहे. मृताच्या नातलगांस कळवावें, त्यांस चौकशीच्या वेळीं हजर राहूं द्यावें, प्रेत चोवीस तासांच्या आंत तपासणीसाठीं डॉक्टरांकडे धाडावें, हेंही कायद्यांत आहे. परंतु अहवाल लिहून झाल्यावर त्याचें काय करावें, हें तें कलम सांगत नाहीं. मास्तरानें पोराचा पेपर तपासला, गुण मांडले, पण पोर वर चढलें कीं नापास झालें हें सांगण्याचा अधिकार कोणासच दिला नाहीं, असा हा प्रकार आहे. अहवाल कपाटांत पडतो आणि कपाटाची किल्ली सरकारकडे राहते.

यावर कोणी सुशिक्षित गृहस्थ म्हणतील कीं, अमेरिकेकडे पाहा. तेथें खटला भरावा कीं नाहीं हें पोलीसही ठरवीत नाहींत आणि मंत्रीही ठरवीत नाहींत, तें लोकांचें पंचमंडळ ठरवितें. ही गोष्ट खरी आहे, आणि ती नीट समजून घेण्याजोगी आहे. त्या मंडळास ग्रँड ज्यूरी म्हणतात. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या न्यायालयांत १६ ते २३ सामान्य नागरिक बसतात आणि किमान १२ जणांचें मत पडलें तर आरोपपत्र निघतें. कोणी दोषी आहे कीं नाहीं हें त्यांनीं ठरवावयाचें नसतें. खटला चालविण्याइतका आधार आहे काय, एवढेंच पाहावयाचें असतें. म्हणजे आम्ही ज्याला बाहेरचें दार म्हणतों, तेथें त्यांनीं प्रजेलाच द्वारपाल म्हणून बसविलें. कल्पना मोठी सुरेख आहे.

पण सुरेख कल्पनेची राखण कोण करतो, हें पाहावें लागतें. ग्रँड ज्यूरीचें काम बंद दाराआड चालतें. तेथें न्यायाधीश नसतो, मृताच्या बाजूचा वकील नसतो. पुरावा कोणता दाखवावयाचा, साक्षीदार कोण बोलवावयाचे, कोणता आरोप पुढें ठेवावयाचा, हें सगळें सरकारी वकिलाच्या हातीं असतें. आणि हा सरकारी वकील रोज ज्यांच्या साक्षींवर आपले खटले जिंकतो, ते पोलीसच असतात. मिझुरी संस्थानांतील फर्ग्युसन गांवीं ९ ऑगस्ट २०१४ रोजीं मायकेल ब्राऊन या १८ वर्षांच्या निःशस्त्र काळ्या तरुणास पोलिसानें गोळी घातली. ग्रँड ज्यूरींत १२ जण होते. त्यांतले ९ गोरे, ३ काळे. आरोप ठेवण्यास ९ मतें लागत. २४ नोव्हेंबरला आरोप न ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. त्याच वर्षीं न्यूयॉर्कमध्यें पोलिसानें गळा आवळून धरल्यावर एरिक गार्नर मेला. ती सगळी घटना चित्रफितींत दिसत होती, तरी तेथील ग्रँड ज्यूरीनेंही आरोप ठेवला नाहीं. २०२० सालीं लुईव्हिल शहरांत ब्रिओना टेलर ही तरुणी आपल्याच घरांत पोलिसांच्या गोळ्यांनीं मेली. तिच्या मरणाबद्दल त्या ज्यूरीनें कोणावरही आरोप ठेवला नाहीं. शेजारच्या घरांत गोळ्या गेल्या, एवढ्यापुरता एका पोलिसावर आरोप ठेवला. पुढें ज्यूरीपैकीं कांहीं जणांनीं उघड सांगितलें कीं, मनुष्यवधाचा आरोप आमच्यापुढें ठेवलाच गेला नव्हता. ताटांत जें वाढलेंच नाहीं, तें जेवणारा कसें खाणार?

जॉर्जिया संस्थानाची तऱ्हा याहून चमत्कारिक होती. तेथें इतर आरोपीस ग्रँड ज्यूरीसमोर बसूं देत नसत. परंतु आरोपी पोलीस असेल, तर त्यानें वकिलासह सगळा पुरावा ऐकत बसावें, शेवटीं आपली कैफियत मांडावी, आणि त्याला उलट प्रश्न कोणीं विचारूं नयेत, अशी सवलत कायद्यानेंच दिली होती. सगळें ऐकून घेऊन मग गोष्ट जुळविण्यास किती सोपें! २०१६ सालीं लोकांच्या ओरडीनंतर ही सवलत कमी करण्यांत आली. याउलट मिनियापोलिसचें पाहा. २५ मे २०२० रोजीं जॉर्ज फ्लॉईडच्या मानेवर पोलिसानें गुडघा दाबून ठेवला. सतरा वर्षांच्या एका मुलीनें त्याचें चित्रीकरण केलें. तेथें सरकारी वकिलांनीं ग्रँड ज्यूरीची वाट न पाहतां थेट आरोप ठेवला, खटला उघड्या न्यायालयांत चालला, आणि २०२१ च्या एप्रिलमध्यें १२ नागरिकांच्या साध्या ज्यूरीनें त्या पोलिसास दोषी ठरविलें. लोक तेच, देश तोच. फरक पडला तो दार उघडें होतें म्हणून.

ज्यूरी ही आपल्याकडेही परकी नाहीं. मुंबईंत इंग्रजांनीं ग्रँड ज्यूरी आणली होती. १८२६ च्या कायद्यानें हिंदी लोकांना साध्या ज्यूरींत घेतलें, पण ख्रिस्ती माणसाचा निवाडा करण्यास आणि ग्रँड ज्यूरींत बसण्यास हिंदु-मुसलमानांना बंदी ठेवली. त्यावर ओरड झाली आणि १८३२ सालीं ती बंदी उठली. पुढें १८६५ सालीं ग्रँड ज्यूरीच मोडीत निघाली. साधी ज्यूरी राहिली. पण सरकारला नको असेल तेव्हां ती बाजूस सारली जाई. आमच्या नाशकांत २१ डिसेंबर १९०९ रोजीं कलेक्टर जॅक्सनचा खून झाला; तो खटला मुंबईस ज्यूरीवांचून, न्यायाधीशांच्या खास मंडळापुढें चालला. आणि ज्यूरी दिली तरी तींत कोण बसविला? १९०८ सालीं टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यांत ज्यूरींत ७ युरोपियन आणि २ पारशी होते. निकालही सात विरुद्ध दोन असाच पडला. फर्ग्युसनचे नऊ-तीन आणि मुंबईचे सात-दोन या आंकड्यांत शंभर वर्षांचें अंतर असलें, तरी धडा एकच आहे. पंच म्हटलें कीं न्याय झाला, असें नव्हे. पंच कोणत्या थरांतून घेतले, त्यांच्यापुढें पुरावा कोणीं ठेवला, आणि काम उघड्यावर झालें कीं बंद खोलींत, यावर पंचांची किंमत ठरते.

म्हणून ग्रँड ज्यूरी जशीच्या तशी आणावी, असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्यांतलें एक चांगलें आहे तें घ्यावें: बाहेरच्या दारावर सामान्य नागरिक असावा. तिच्यांतलें वाईट आहे तें टाकावें: अंधार. इंग्लंडनें ग्रँड ज्यूरी १९३३ सालीं जवळजवळ मोडून टाकली. परंतु पोलिसांच्या ताब्यांत कोणी संशयास्पद रीतीनें मेला, तर कॉरोनरनें ७ ते ११ नागरिकांच्या ज्यूरीसह चौकशी केली पाहिजे, असा तेथील २००९ चा कायदा आहे. ती चौकशी सामान्यतः उघड्यावर चालते, आणि मृताचे नातलग तेथें प्रश्न विचारूं शकतात. मुंबई शहरांतही १८७१ च्या कायद्याखालीं कॉरोनर होता. १९९९ सालीं तें पद रद्द झालें. रद्द करणाऱ्यांनीं त्याच्या जागीं अधिक चांगलें कांहीं ठेवलें असतें, तर तक्रार नव्हती.

आतां बाहेरच्या दाराच्या दुसऱ्या कडीकडे वळूं. ती म्हणजे सरकारची पूर्वमंजुरी. सरकारी नोकरानें कर्तव्य बजावतांना केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या मंजुरीवांचून न्यायालयानें खटल्याची दखल घेऊं नये, असें कायदा म्हणतो. हेतु असा कीं, प्रामाणिक नोकरास कोणीं सूडानें छळूं नये. हेतु वाईट नाहीं; पण हातोडा खिळ्यासाठीं असतो, डोक्यांत घालण्यासाठीं नसतो. परभणीचाच दुसरा तरुण, ख्वाजा युनूस, २७ वर्षांचा इंजिनियर. घाटकोपरच्या बाँबस्फोटानंतर २००२ च्या डिसेंबरांत त्याला धरलें. २००३ च्या जानेवारींत पोलिसांनीं सांगितलें कीं, गाडी उलटली आणि तो पळून गेला. तो पुन्हा कोणास दिसला नाहीं. गुन्हे अन्वेषण खात्यानें १४ पोलिसांवर ठपका ठेवला. सरकारनें खटल्यास मंजुरी दिली ती चौघांपुरती. आणि ते चौघे २०२० सालीं पुन्हा नोकरींत घेतले गेले! चौदांतले दहा दारावरूनच परत फिरले. त्यांना कोणत्या न्यायाधीशानें निर्दोष ठरविलें? कोणीही नाहीं. मंत्रालयांतल्या एका सहीनें, किंवा सही न करण्यानें, तें काम झालें.

नव्या संहितेच्या कलम २१८ मध्यें एक बरी गोष्ट आली आहे, ती वाचकांनीं लक्षांत ठेवावी. मंजुरीचा अर्ज आल्यापासून १२० दिवसांत सरकारनें निर्णय केला नाहीं, तर मंजुरी दिली असें धरण्यांत येईल. फाईल दाबून ठेवण्याचा रस्ता यानें अरुंद होईल. परंतु उघड नकार देण्याचा रस्ता मोकळाच आहे.

लखनभैयाचें प्रकरण सांगून कोणी आम्हांस गप्प करूं पाहील. २००६ सालीं मुंबईंत बनावट चकमकींत त्याला मारलें. २०१३ सालीं १३ पोलिसांसह २१ जणांना शिक्षा झाली. आणि खालीं सुटलेल्या नामांकित चकमकफेम अधिकाऱ्यास २०२४ सालीं उच्च न्यायालयानें दोषी ठरविलें. तेव्हां कायदा पांगळा नाहीं, असें ते म्हणतील. आम्हीही तेंच म्हणतों. कायदा चालूं शकतो. पण येथें कसा चालला? मृताचा भाऊ स्वतः वकील होता आणि त्यानें वर्षानुवर्षें न्यायालय सोडलें नाहीं. ज्याचा भाऊ उसाच्या फडावर कोयता चालवितो, ज्याची आई वीटभट्टीवर आहे, त्यानें काय करावें? न्याय हा नातलगांच्या शिक्षणावर अवलंबून राहिला, तर तो न्याय नव्हे, तें नशीब झालें.

दुसरा आक्षेप असा कीं, कोठडींत मरणारे गुंड असतात, त्यांची एवढी कणव कशाला? बदलापूरच्या चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराचा आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजीं पोलिसांच्या गाडींत गोळी लागून मेला, तेव्हां पुष्कळांनीं पेढे वाटले. गुन्हा एवढा घोर होता कीं लोकांचा संताप आम्हांस समजतो. पण खटला उभा राहिला असता, तर ते पाप कसें झालें, कोणीं झांकलें, शाळेंत कोणाचा हलगर्जीपणा होता, हें सगळें साक्षींतून बाहेर आलें असतें. आरोपीबरोबर तें त्याच्या तोंडचें सत्यही गेलें. आणि मॅजिस्ट्रेटच्या चौकशीनें २०२५ च्या जानेवारींत पांच पोलिसांना त्या मरणास जबाबदार धरलें. जी बंदूक आज नको असलेल्या माणसावर चालते, ती उद्यां कोणावर चालेल हें पेढे वाटणाऱ्यानें ठरवावयाचें नसतें.

तिसरा आक्षेप पोलिसांच्या मनोधैर्याचा. याचें उत्तर देतांना आम्हांस संकोच वाटत नाहीं, कारण पोलीस कोणी आकाशांतून पडलेले नाहींत. तीं आमच्याच शेतकऱ्यांचीं, मजुरांचीं मुलें आहेत. नाशकास त्र्यंबक रस्त्यावर पोलीस प्रबोधिनी आहे. राज्यभरचे फौजदार तेथें तयार होतात. आमच्यासारख्या खेड्यांतल्या शिक्षकांच्या हाताखालून गेलेलीं पोरें वर्दी घालून गांवीं येतात, तेव्हां सगळ्या गांवाची मान ताठ होते. बंदोबस्ताचें बारा-बारा तासांचें काम, घरापासून दूर बदली, वरिष्ठांच्या शिव्या, हें त्यांचें दुःख आम्ही जाणतों. पण त्याच शिपायास वरून तोंडी हुकूम येतो कीं, "याला बोलता कर." हुकुमाचा कागद नसतो. पुढें प्रकरण अंगाशीं आलें, कीं हुकूम देणारा अंग काढून घेतो आणि निलंबित होतो तो शिपाई. बाहेरचें दार नेहमीं उघडें राहील, हें पक्कें ठाऊक असेल तर तोच शिपाई म्हणूं शकेल, "साहेब, हें माझ्यानें व्हावयाचें नाहीं." उघडी चौकशी ही प्रामाणिक पोलिसाची ढाल आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. कोठडींत मृत्यू झाला, कीं त्याच दिवशीं गुन्हा नोंदावा आणि तपास त्या ठाण्याकडे, त्या जिल्ह्याकडे ठेवूं नये. चकमकींतील मृत्यूंबाबत गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास करावा, असें सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्राच्याच प्रकरणांत २०१४ सालीं सांगितलें आहे. कोठडीस वेगळा न्याय कां?

२. मॅजिस्ट्रेटची चौकशी उघड्यावर व्हावी, तीन महिन्यांत संपावी, आणि अहवालाची प्रत कुटुंबास विनामूल्य मिळावी.

३. त्या चौकशींत मतदारयादींतून चिठ्ठीनें काढलेले सात नागरिक पंच म्हणून बसावेत. त्यांत स्त्रिया असाव्यात. ज्या जातीजमातींच्या वस्तींत पोलिसांची गाडी वारंवार जाते, त्या जातीजमातींतलेही असावेत.

४. अहवालानें दोष दाखविला, तर तोच फिर्याद समजून प्रकरण थेट न्यायालयापुढें जावें, आणि त्यासाठीं वेगळा सरकारी वकील नेमावा.

५. कोठडींतील मारहाण हें कोणाचेंही कर्तव्य नव्हे. तिच्यासाठीं पूर्वमंजुरीची अट साफ काढून टाकावी.

२०१४ च्या दुरुस्तीनें महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यांत राज्यासाठीं आणि विभागांसाठीं पोलीस तक्रार प्राधिकरण आलें आहे. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं दिलेल्या हुकुमाचें तें फळ. पण त्यांतही शेवटचा शब्द सरकारचाच आहे. वरील मागण्यांवांचून तें दांत नसलेल्या वाघासारखें राहील.

कायदा बदलेपर्यंत आपण काय करावें? तें खेड्यांतल्या प्रत्येक घरानें पाठ करावें. अटकेच्या वेळीं कागद तयार झाला पाहिजे आणि घरच्यांना कळविलें पाहिजे. चोवीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलें पाहिजे. हा राज्यघटनेच्या २२ व्या कलमानें दिलेला हक्क आहे. मार बसला असेल तर तेथेंच सांगावें. मागें तोच शिपाई उभा असतांना बोलणें अवघड जातें, म्हणून गांवच्या चार माणसांनीं त्या दिवशीं न्यायालयांत जाऊन उभें राहावें. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे फुकट वकील मागावा. ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचें चित्रण १८ महिने जपून ठेवावें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं सांगितलें आहे. तें जपून ठेवण्याचा लेखी अर्ज पहिल्याच दिवशीं द्यावा आणि पोंच घ्यावी. आणि दुर्दैवानें मृत्यूच झाला, तर शवविच्छेदनाचें चित्रीकरण आणि मॅजिस्ट्रेटची चौकशी या दोन गोष्टी मागितल्यावांचून प्रेत ताब्यांत घेण्याची घाई करूं नये.

राखण करण्यासाठीं कुंपण घालावें लागतें, हें आम्हांस मान्य आहे. पण कुंपणानेंच शेत खाल्लें, तर नुकसानीचा पंचनामा कुंपणानें करावयाचा नसतो. तो शेताच्या धन्यानें करावयाचा असतो, आणि या शेताची धनी प्रजा आहे.